चार तास अकरा मिनिटांचा सामना

गवताच्या कोर्टांच्या त्या क्लबात विजेत्यांची नावं लिहायचं काम वर्षानुवर्षं पेंटरकडे होतं. स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टुलावर चढायचा, लाकडी फळ्यावर खडूने रेघ आखायचा आणि त्या वर्षापुढे सोनेरी रंगात एकच नाव लिहायचा. हरणाऱ्याला फळ्यावर जागा नव्हती.

आई-वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला पेंटरनेच लहानाचं मोठं केलं. भाऊ टेनिसमध्ये भलताच तयार निघाला. गवतावर चेंडू फार उसळत नाही, जमिनीलगत सरपटत येतो. तो उचलायला धाकटा इतका वाकायचा की लोक त्याला 'विळा' म्हणू लागले.

विळा दोनदा अंतिम सामन्यात हरला. दोन्ही वेळा पेंटरने जिंकणाऱ्याचं नाव लिहिलं आणि विळा घरी मुकाट जेवला. तिसरा अंतिम सामना चार तास अकरा मिनिटं चालला. त्या स्पर्धेत इतका लांबलेला सामना कुणी पाहिला नव्हता. मागच्या रेषेजवळचं गवत झिजून नुसती माती उरली होती. विळ्याला जिंकायला एकच गुण हवा होता आणि चेंडू नेमका त्या मातीत पडला. उसळलाच नाही. त्यानंतर विळ्याला एकही गेम मिळाला नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "दादा, उद्या तू जाऊ नकोस. दुसरं कुणीही लिहू दे."

"अरे, ते माझं काम आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर सांगतोय. एवढं एकदा ऐक."

पेंटरला वाटलं, राग आहे, चार दिवसांत निवळेल. सकाळी तो डबे-ब्रश घेऊन गेला. अक्षरं नेहमीसारखीच रेखीव आली. हात जरासाही कापला नाही, हेच पुढे त्याला आतून खात राहिलं. परतला तेव्हा विळ्याची खोली रिकामी होती. रॅकेटी तेवढ्या भिंतीला टेकून होत्या.

विळ्याने दूरच्या शहरात गोदामात नोकरी धरली, लग्न केलं. पेंटरची पत्रं न उघडताच परत यायची. अकरा वर्षांनी भावजयीचा फोन आला. "दादा, यांचं काही खरं नाही. निघून या."

हॉस्पिटलच्या बाकड्यावर पेंटर तीन दिवस बसला. भावजय आत जाऊन 'दादांना बोलावू का' म्हणून विचारायची आणि बाहेर येऊन नकारार्थी मान हलवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "झोप लागलीय. आता बघून या."

पेंटर उशाशी उभा राहिला. हात धरावासा वाटला, पण जाग आली आणि याने तोंड फिरवलं तर? तसाच तो बाहेर आला. संध्याकाळी विळा गेला.

दोन वर्षांनी क्लबाने गवत काढून सिमेंटची कोर्टं करायचं ठरवलं. नव्या सेक्रेटरींनी गवतावरच्या विक्रमांचा वेगळा फळा करायला घेतला. सर्वाधिक विजेतेपदं कुणाची, सर्वांत लहान वयाची विजेती कोण, सगळी यादी त्यांनी हातात दिली. सर्वांत लांबलेल्या अंतिम सामन्यापुढे दोघांची नावं होती.

"साहेब, या आडनावात वेलांटी दीर्घ आहे," पेंटर म्हणाला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझंही तेच आडनाव आहे."

सेक्रेटरींनी मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याचं आडनाव कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्या एका ओळीला पेंटरला अख्खा दिवस लागला. दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिली. मग त्याने भावजयीला फोन केला. "एकदा येऊन बघून जा."

"दादा, त्यांनी शेवटपर्यंत घरात टेनिसचा विषय काढू दिला नाही. मी येऊन काय बघू? पोरीला विचारते हवं तर."

पोरगी आली नाही. पेंटरने आणखी एकदा फोन केला, तो कुणी उचलला नाही. मग त्याने विचारणं सोडून दिलं.