खड्ड्यात उभा असलेला साक्षीदार

मुलांनो, रंगूनच्या कोर्टात थोरल्याने परवा पहिला साक्षीदार तपासला, असे कळले. तेव्हा तुमच्या पणजोबांनी तपासलेल्या साक्षीदाराची हकीकत आता लिहून पाठवायलाच हवी. ती सकाळ अजून माझ्या कानांत आहे. पोलीस ठाण्याला लागूनच आमचे घर होते आणि भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येई.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता. तो मुंबईला लवकर पोचावा म्हणून अकोल्याकडे रेल्वेचा भराव घाईने चालला होता. बाबा त्या ठाण्याचे जमादार होते. भरावावरची एक मजूरबाई धापा टाकत ठाण्यात आली.

“साहेब, मुकादमानं आमच्या साक्षीदाराचं मुंडकं उडवलं जी!”

“प्रेत कुठं हाये?”

“प्रेत कायचं? खड्ड्यात उभा हाये.”

“मुंडकं उडवलं, अन् उभा?”

“मंग! त्याले बसता येते काय?”

बाबांनी दोन शिपाई, पंच आणि प्रेतासाठी एक खाट घेतली. जाऊन पाहतात तो मातीचा खुंट! भरावासाठी माती खणताना खड्ड्याच्या मधोमध एक खुंट तसाच सोडत. त्याचा माथा म्हणजे मूळ जमीन. त्याच्या उंचीवरून खोली कळे आणि मजुरी ठरे. मजूर त्यालाच साक्षीदार म्हणत. शिपाई खाटेवर बसून हसू लागले.

“हसा तुमी,” बाई म्हणाली. “मुकादमानं रेल्वेच्या साहेबाच्या मोजनीत पुरा खुंट दाखवून पुरे पैसे घेतले, अन् मंग छाटला. आज आमची मोजनी हाये. कमी मजुरीत लेकरं काय खातीन?”

बाबांनी खड्ड्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणली. खुंट दोरीच्या वीतभर खाली राहिला.

“जमीनच खोलगट होती, जमादार,” मुकादम म्हणाला. “माथ्यावरचं गवत पाहा, जुनंच हाये. आमी कायले हात लावतो?”

बाबांनी गवत धरून हलकेच ओढले. ते मातीसकट टोपीसारखे हातात आले. खाली कुदळीचा ताजा घाव होता.

“हा तं लव्हाळा. नाल्याकाठचा लव्हाळा या कोरड्या माळावर चालत आला काय?”

मुकादमाने नकळत नाल्याकडे पाहिले. तेवढ्यात बाई म्हणाली, “मुंडकं नाही त्याले टोपी कायले घातली गा?” पंचसुद्धा हसले, आणि मुकादमाने खुंट छाटल्याची कबुली दिली.

रेल्वेच्या कामावरील मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटने लवकर निकालात काढावा, असा कायदा नवाच आला होता, पण तो वापरायचे कोणाच्या मनात येत नसे. बाबांनी पंचनामा करून मॅजिस्ट्रेटसाहेबांना तिथेच बोलावले. प्रेतासाठी आणलेल्या खाटेवर बसून साहेबांनी दोरीपर्यंतची खोली धरून मजुरी द्यायला लावली. संध्याकाळी मजुरांच्या चुली पेटल्या, आणि पहिली भाकर शिपायांना मिळाली.

पेन्शनीत बाबा सांगत, फिर्यादीचा शब्द आपल्या अर्थाने लिहू नये, आधी फिर्यादीलाच त्याचा अर्थ विचारावा. आणि कायदा नुसता असून भागत नाही, कोणाला तरी खड्ड्यात उतरावे लागते.

लोहमार्गाशेजारी तो खड्डा अजून आहे. खुंट झिजून गुडघ्याएवढा उरला आहे. तिथली माणसे त्याला साक्षीदारच म्हणतात.