पाणी मीच देणार

अशी जवळ ये, बाई. पुरुष असशील तर तूही ये, लाजू नकोस. स्नायू झिजतायत असं डॉक्टरनं सांगितलं आणि त्या दिवसापासून तू खाट धरलीस ना? काय म्हणावं तुला. आधी उठून बस, मग ऐक.

मला विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता, आणि तोसुद्धा दोन्ही हातांनी धरलेला. वर्षभर वस्तू निसटत होत्या. भाकरी थापायला पीठ मळावं, तर बोटं मिटायची नाहीत. आष्ट्याच्या आमच्या घराच्या उंबऱ्यात गुडघा एकदम मुडपायचा. आम्ही म्हटलं, वय झालं. नाही नाही ती तेलं चोळली, वासानं शिसारी येईपर्यंत.

मग ईएमजी झाली, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज बघतात. नंतर बायोप्सी, म्हणजे मांडीतला चिमूटभर तुकडा काढून तपासायला धाडतात. नाव निघालं इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस. स्नायूला सूज येते, आत नको ते साठतं, आणि मांड्या नि बोटं हळूहळू वाळत जातात.

"आजी, यावर औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बसून राहू नका. दमून पडेपर्यंत करायचं नाही, पण रोज करायचं."

घरच्यांनी त्यातलं 'औषध नाही' एवढंच ऐकलं.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. आजाऱ्याला बघायला यायचं, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, आणि तो उठायला लागला की खांदा दाबून खाली बसवायचं. आजारी सासूच्या हातात तांब्या दिसला, की सुनेचं नाव गावभर. माझी सून वैशाली लय गुणाची. तिनं तीन महिने मला खाटेवरून उतरू दिलं नाही. भरवायची, पुसायची, केस विंचरायची. खाटेखाली प्लास्टिकचं भांडं.

खरं सांगते, आजाराची आली नाही एवढी किळस मला त्या भांड्याची आली. माणसं 'बिचारी, बिचारी' म्हणत चहा प्यायची आणि भांडं तिथंच, फडक्याखाली. माझाच वास मला यायचा. हातपाय धुतल्याशिवाय चुलीपाशी न जाणारी बाई मी. मऊ भाताचा चमचा तोंडाशी आला, की तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडात जातोय असं वाटायचं. तरी मी गप गिळायचे.

पुढच्या तपासणीला गेले तर खुर्चीतून उठताच येईना. डॉक्टरांनी टेपनं मांडी मोजली, जुन्या कागदाशी ताडली आणि वैशालीकडं बघून म्हणाले, "हे सगळं आजारानं नेलेलं नाही. थोडं तुम्ही बसवून घालवलंत."

परतीच्या एसटीत पोरीनं तोंड खिडकीकडं केलं होतं. मला तिचा राग नव्हता. राग होता तो गप बसून भरवून घेणाऱ्या माझाच. तिला एवढंच सांगितलं, मला मोरीपर्यंत माझ्या पायानं जायचंय, बाकी काही मागत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलानं खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. उंचावरून उठायला मांडीला जोर कमी लागतो, हे फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या, बाईंनी शिकवलं. भिंतीला दांडी बसवली, हातात काठी आली, गुडघ्याला पट्टा. आठ दिवस मोरीच्या निम्म्या वाटेवरूनच मागं फिरत होते. मग पोचले. हुरूप येऊन एकदा अंगणात जास्तीच्या फेऱ्या मारल्या, तर दोन दिवस उठवेना. म्हणून सांगते, दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर समज, जास्त झालं.

अशात शेजारच्या तानूबाई आल्या. मी कान असलेला मग बोटांत अडकवून, एका हातात काठी घेऊन, त्यांना पाणी नेत होते. त्यांनी मग घेतलाच नाही.

"आगं वैशाले, म्हातारीला पाणी आणायला लावतीस व्हय? लोकं काय म्हणतील?"

मी वैशालीकडं बघितलं. आता ही माझ्या हातातला मग काढून घेणार आणि मी परत खाटेवर, भांड्यापाशी.

वैशाली कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच सांगितलंय त्यास्नी. आत्यांनी आणलंय ते प्या, न्हाईतर तशाच तहानलेल्या जावा."

तानूबाई प्यायल्या. तोंड वाकडं करून, पण मग रिकामा केला.

आजार काही थांबलेला नाही. घास अडकतो, जपून गिळावा लागतो. काठीच्या जागी उद्या वॉकर येईल, पुढं चाकाची खुर्ची येईल. येऊ दे. ते भांडं वैशालीनं भंगारात घातलं. 'बिचारी' या शब्दाची शिसारी मात्र गेली नाही, आणि जाऊही नये. सकाळी मला खाटेवरून ती शिसारीच उठवते.

तर लवकर ये आष्ट्याला. बिस्किटाचा पुडा आणू नकोस. दारातून हाक मार आणि आत येऊन बस. मला यायला वेळ लागेल, मधेच उठून आडवी येऊ नकोस. निम्मं पाणी वाटेत सांडेल. उरलेलं पी.