एका रेघेची दुपार

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावातल्या आशा कार्यकर्त्या भामाबाईंच्या नजरेत शिवगंगा पहिल्यांदा भरली ती टँकरपाशी. उदगीरजवळच्या त्या गावात बाया घागरींवरून एकमेकींचा उद्धार करत होत्या. पारावर पुरुष उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावर तावातावानं बोलत होते. आणि गौरम्माची ही सून पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरून नुसतं पाणी पीत सुटली होती.

"अगं, घागर भर की आधी! काय करायलीस?" भामाबाई ओरडल्या.

पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "पोटातलं पाणी कुणी मोजत न्हाई, मावशी. इथं पिलं की घरचं वाचतंय."

मग भामाबाईंच्या लक्षात आलं, सगळ्याच बाया तसं करतात. तुडुंब पिऊन घ्यायचं, मगच घागर लावायची.

शिवगंगा उंच, सावळी, कमी बोलणारी. नवरा संगप्पा लातूरच्या डाळ मिलमध्ये हमाली करायचा आणि सवड मिळेल तसा गावी यायचा. लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. पाळीही तिची अशी वेडीवाकडी, की चुकली तरी कुणाला विशेष वाटू नये. सासू गौरम्मा तोंडानं फटकळ, पण मनानं घाबरट. उदगीरच्या बाजारातल्या वैदूकडून तिनं काढ्याचा पाला आणला होता. तुंबलेली पाळी मोकळी झाली की गर्भ राहील, असं त्यानं सांगितलं होतं. तरी तेवढी शहाणी की आधी तपासून घे म्हणून सुनेला तिनंच भामाबाईंकडे धाडलं.

भामाबाईंनी गर्भतपासणीचं कार्ड दिलं आणि समजावलं, "सकाळची पहिली लघवी घ्यायची. आधी पाणी प्यायचं न्हाई. तीन थेंब टाकायचे. एकच रेघ उठली तर न्हाई, दोन उठल्या तर हाय. पाच मिनिटांत बघायचं आन् फेकून द्यायचं. मागनं उठलेली रेघ खरी धरायची न्हाई."

दोन-तीन दिवसांनी दुपारी त्या घरावरून जाताना भामाबाईंना ओट्यावर गौरम्मा दिसली.

"काय झालं कार्डाचं, अव्वा?"

"काय व्हायचं? एकच रेघ. काढा उकळून दिलाय आता तिला."

"बघितलं कधी?"

"टँकर गेल्यावर. पहाटेच येऊन भोंगा वाजवत हुता मेला. आधी पाणी का आधी कार्ड, तूच सांग बाई!"

ओंजळीनं पाणी पिणारी ती पोर भामाबाईंच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. चपला न काढताच त्या आत धावल्या. चुलीपाशी बसलेल्या शिवगंगेच्या ओठांना पितळी पेला लागलेला होता.

"ठेव खाली! पिऊ नगं!"

"एक घोट गेला, मावशी. लई कडू हाय." तिचा चेहरा उतरला. "का? काय झालं?"

"टँकरवर पाणी पिली हुतीस ना? मग लघवी पाण्यावानी झाली असंल. त्यात कार्डाला काय दिसणार? दिवस लई थोडे असले तरी दिसत न्हाई. पोटात काही असलं, तर ह्या काढ्यानं जाईल गं. उद्या सकाळी परत बघू."

गौरम्मा मागोमाग दारात आली होती. मग घाबरलेलं माणूस चिडतं तशी चिडली. "कार्डाला दोनदा इच्यारलं तर येगळं सांगतंय व्हय? कोर्टातला साक्षीदार हाय का ते?"

"काही नसलंच, तर काढा कुठं पळून चाललाय, अव्वा? उद्यापर्यंत थांबा. रातीत पोटात कळ आली, अंगावर गेलं, तर लगेच हाक मारा."

बोलल्या खऱ्या, पण भामाबाईंना स्वतःलाच खात्री नव्हती. पुन्हा एकच रेघ उठली, तर गौरम्मा आपलं कधीच ऐकणार नाही. दोन उठल्या, तर पोटात गेलेला तो एक घोट होताच.

उजाडताच त्या नवं कार्ड घेऊन आल्या. तीन थेंब पडले. ओल हळूहळू सरकली, पहिली रेघ ठळक उठली. शेजारची जागा पांढरीफटक.

"झालं समाधान?" गौरम्मा म्हणाली, पण नजर कार्डावरून हलत नव्हती.

"थांबा. वेळ हाय अजून."

शिवगंगा भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मग त्या पांढऱ्यावर, असून नसल्यासारखी, एक गुलाबी रेघ दिसू लागली.

गौरम्मानं कार्ड नाकाशी धरलं. "ही तर अर्धीच हाय. अर्धं लेकरू असतंय व्हय?"

शिवगंगेला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती रडू लागली.

"फिकी असली तरी वेळेत उठलीय, म्हणजे ती रेघच," भामाबाई म्हणाल्या. "पण डॉक्टरनी तपासल्याबिगर कुणाला सांगू नगा."

उदगीरच्या दवाखान्यात दिवस गेल्याचं पक्कं झालं. त्या घोटाबद्दल मात्र डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, की वाट बघावी लागेल. गौरम्मानं उरलेला पाला उकिरड्यावर फेकला. सोनोग्राफीचा दिवस येईपर्यंत टँकरवर तीच जायची, सुनेला रिकामी कळशीसुद्धा उचलू द्यायची नाही. शिवगंगा संडासातून आली, की अंगावर तर गेलं नाही ना, हे तोंडानं न विचारता गौरम्मा तिच्या चेहऱ्याकडे बघायची. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गौरम्मा आणि भामाबाई एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "ठोके छान आहेत."

शिवगंगा आता लातूरला डाळ मिलच्या मागच्या गल्लीत राहते आणि ब्लाऊज शिवते. मुलगी तिसरीत आहे.