रोवणीचं ॲप आणि बारा पेन्शनर

पेन्शनर माणसाजवळ दोनच गोष्टी वाढत जातात, औषधं आणि किस्से. औषधं डॉक्टर लिहून देतो, किस्से गुप्ताजींच्या बाकावर आपोआप जमतात. गोंदियाच्या बाजारात गुप्ताजींचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. त्यावर रोज सकाळी आम्ही निवृत्त कारकून बसतो आणि गिऱ्हाइकं उभी राहतात. गुप्ताजींनी कधी हरकत घेतली नाही. एकदा फक्त त्यांनी बाक रंगवला. तो रंग तीन आठवडे वाळत होता.

*

बिसेनबाबू आमच्यात सर्वांत वडील. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, दवनीवाड्याला धानाची थोडी शेती आहे. त्यांनी नवा फोन घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तो दुकानात आणला. आत आधीपासून आठ-दहा ॲप होती आणि ती पुसता येत नव्हती.

"गुप्ताजी, हे मी मांगतलं नव्हतं. काढून टाका."

"नहीं निकलेगा, बाबूजी. कंपनी का है."

"आन फोन कोणाचा?"

"फोन आपका है."

नवं ॲप हवं असेल तर तेही कंपनीच्याच दुकानातून घ्यावं लागतं, हेही गुप्ताजींनी समजावलं. बिसेनबाबूंनी फोन उलटा करून मागूनही पाहून घेतला.

"म्हणजे घर मी विकत घेतलं आन आधीचा भाडेकरू आतच बसून आहे. खुर्ची आणाची तरी त्यालेच विचारू?"

*

त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. फोनमधल्या ॲपच्या दुकानांवर मक्तेदारीचा आरोप आहे म्हणे. कंपन्यांचं म्हणणं, एकच दरवाजा असला की चोर शिरत नाहीत. तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं, एकच दरवाजा असला की दरवान डोक्यावर बसतो.

बातमी मी मोठ्यानं वाचली आणि मला संताप आला. "खिडकी एकच. नियम तेच करणार, कागद तेच अडवणार, अपीलही त्यांच्याचकडे. माणसानं जावं कुठं?"

बिसेनबाबूंनी विचारलं, "तहसिलीत दाखल्याच्या खिडकीवर तुमी किती वर्षं होते?"

"जवळजवळ तीस."

"तालुक्यात दुसरी खिडकी होती काय?"

नव्हती.

"कंपनी का काउंटर कम से कम चौबीस घंटे खुला रहता है," गुप्ताजी आतून म्हणाले. "ये तो खाना खाने भी जाते थे."

मी पेपर उलटून खेळाचं पान काढलं.

*

आता प्रणालीची गोष्ट. प्रणाली मेश्राम दवनीवाड्याची, कॉम्प्युटर शिकलेली. तिची आई शशिकलाबाई रोवणीच्या टोळीची पुढारी. आमच्याकडे धानाची रोपं चिखलात लावायचं काम बाया टोळीनं घेतात. टोळ्या थोड्या, शेतकरी फार आणि सगळ्यांना रोवणी एकाच वेळी हवी. मागच्या साली एका शेतकऱ्यानं बोलावलं म्हणून शशिकलाबाईंची टोळी पहाटे निघून पायी दूरच्या गावी गेली. तिथं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दुसरीच टोळी वाकून होती. बाया तशाच परत आल्या. दिवस गेला तो गेलाच.

प्रणालीनं त्यावर ॲप बनवलं. कोणती टोळी कोणत्या दिवशी मोकळी ते शेतकऱ्याला दिसावं, त्यानं मागणी करावी, एका दिवसाला एकच मागणी लागावी. पण कंपनीच्या दुकानाची अट होती. नव्या माणसाचं ॲप मांडणीवर ठेवण्याआधी डझनभर लोकांनी ते पंधरा दिवस वापरायचं आणि शेरा लिहायचा.

ती बाकापाशी आली. "गावातले सारे कामात गुतले आहेत. काका, तुमी रिकामेच राहता ना?"

आमच्याकडे असंच विचारतात. पुण्याकडे यालाच 'आपल्या अनुभवाचा लाभ व्हावा' असं म्हणत असावेत.

*

आम्ही बारा पेन्शनर गोळा केले. सगळ्यांनी ॲप फोनमध्ये टाकून घेतलं आणि पंधरा दिवस ते अत्यंत काळजीनं सांभाळलं. म्हणजे उघडलं नाही. नव्या फाइलला उगाच हात लावू नये, ही आमची सवय. शेवटच्या दिवशी मी शेरा लिहिला, 'अवलोकन केले. हरकत नाही.' उरलेल्या अकरा जणांनी लिहिलं, 'वरीलप्रमाणे.'

ॲप परत आलं. पुरेसा वापर झालेला दिसत नाही, पुन्हा पंधरा दिवस वापरा, असं उत्तर होतं. खाली नाव नाही, सही नाही.

बिसेनबाबूंनी ते दोनदा वाचलं. "काय पत्र आहे! असं लिहायले मले वीस वर्षं लागली."

प्रणाली हसली नाही. "काका, रोवणीले वीस दिवस उरले. औंदाही आईची टोळी तशीच वापस येईन काय?"

त्या दिवशी बाक लवकर उठला.

*

गुप्ताजींनी आडवाट काढली. कंपनीच्या दुकानाचा नाद सोडायचा आणि फाइल सरळ बायांच्या फोनमध्ये टाकायची. पहिला फोन शशिकलाबाईंचा. पडद्यावर सूचना आली. हे ॲप अनोळखी ठिकाणाहून येत आहे, त्यामुळे धोका होऊ शकतो.

शशिकलाबाईंनी ती वाचली आणि शेजारी उभ्या प्रणालीकडे बोट दाखवलं. "अनोळखी कायची? नऊ महिने मीनं वागवलं हिले."

आणि त्यांनी 'पुढे चला' दाबलं. पण टोळीतल्या बाकीच्या बायांनी फोन पदराखाली घेतले. बाहेरून आलेलं काही फोनमध्ये टाकू नका, असं बँकेच्या माणसानं गावात येऊन बजावलं होतं.

"तुया पोरीवर भरोसा आहे, शशिकला," एक म्हणाली. "पण दुकानात येऊ दे, मग टाकू."

बायांचंही चुकत नव्हतं. एकट्या शशिकलाबाईंच्या फोनवर टोळी चालत नाही. कोण येणार, कोणाच्या घरी अडचण, हे सगळ्यांना एकदम दिसायला हवं होतं. म्हणजे पुन्हा त्याच खिडकीवर.

*

दुसऱ्या फेरीत आम्ही लाजेखातर काम केलं. बाकाच्या एका टोकाला शेतकरी बसले, दुसऱ्या टोकाला टोळ्या. मी टोळी होतो. दिवसभर एकमेकांना मागण्या पाठवत होतो. गुप्ताजींनी गिऱ्हाइकांसाठी आतून दोन स्टूल आणले.

तिसऱ्या दिवशी बिसेनबाबूंनी प्रणालीला बोलावलं. "पोरी, हा अर्जच चुकीचा आहे. शेतकऱ्यानं मागणी केली की टोळीपुढे एकच बटन येते, 'मंजूर'. नामंजूर कुठं आहे?"

"काका, काम आलं तर बाया नाही कायले म्हणतील?"

"ते मले माहीत नाही. पण ज्या कागदावर नामंजूर लिहाची जागा नाही, त्याच्यावर मंजूर लिहून काही अर्थ नाही. शेतकऱ्याले टोळी निवडता येते, तर टोळीले शेतकरी काऊन नाही?"

प्रणालीनं दोन दिवसांत दुसरं बटण बसवलं. त्याच्याखाली कारण लिहायला एक ओळही ठेवली. ती ओळही बिसेनबाबूंच्याच आग्रहावरून. विनाकारण नामंजूर करणं त्यांना पटत नव्हतं.

या वेळी बाराही जणांचे शेरे वेगळे होते. एकानं तर अक्षर बारीक असल्याची तक्रार चार वेळा केली.

*

रोवणीला चार दिवस असताना ॲप दुकानात लागलं. संध्याकाळपर्यंत शशिकलाबाईंच्या टोळीतल्या सगळ्या बायांच्या फोनमध्ये ते आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली पेढे घेऊन बाकापाशी आली. बिसेनबाबूंनी पेढा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर पहिली खरी मागणी पाठवली. दवनीवाडा, स्वतःची बांधी, टोळी शशिकलाबाईंची. गुप्ताजीही हातातलं काम सोडून बाहेर आले.

दोन मिनिटांत उत्तर आलं. बिसेनबाबूंनी फोन माझ्याकडे दिला.

'नामंजूर. कारण : मालक बांधावर उभे राहून दिवसभर शिकवत राहते.'

प्रणालीचा चेहरा उतरला. "काका, थांबा. मी आईले फोन लावते."

"खबरदार," बिसेनबाबू म्हणाले.

त्यांनी फोन परत घेतला, कंपनीच्या दुकानात गेले, प्रणालीच्या ॲपला पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली एका बोटानं, सावकाश, शेरा लिहिला.

'ॲप बरोबर चालते. मला नकार मिळाला.'