पाय दाबला होता

जेवताना मामाचा उजवा पाय चालायचा. हात वरणभात कालवत असायचा, तोंड आईशी बोलत असायचं आणि खाली फरशीवर पाय दाबत असायचा. टाच टेकलेली, चवडा पुढे, जोर लावून. आई पहिल्यांदा म्हणाली, "दादा, फरशी फुटेल हां." मामाने खाली पाहिलं. आपला पाय काय करतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर आई तसं कधी बोलली नाही.

ही सवय आधी नव्हती. डोंगरीच्या त्या फेरीनंतर लागली.

मामा भाईंदर पश्चिमेच्या एका मंडळाची ॲम्ब्युलन्स चालवायचा आणि आमच्याकडेच राहायचा. गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. मंडळाची जुनी गाडी मोडीत गेली होती आणि देणगीतून नवी आली होती. दारावर देणगीदाराचं नाव एवढं मोठं, की 'रुग्णवाहिका' हा शब्द खाली दबून बसला होता. मामाला गाडी आवडली, पण तिच्यावर त्याचा विश्वास बसेना. जुन्या गाडीत पेडलपासून पंपापर्यंत तार होती. पाय दाबला की तार ओढली जायची, डिझेल जास्त जायचं, बस्स. नव्या गाडीत तारच नव्हती. पेडलला सेन्सर, सेन्सरला वायर, आणि वायर एका बंद डब्यात. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, हे तो डबा ठरवणार. काही बिनसलं तर तोच पिवळा दिवा लावणार.

"पाय आता नुसता अर्ज करतो," मामा म्हणायचा. "मंजुरी डबा देतो."

तरी स्टँडवरच्या ड्रायव्हर मंडळींनी डब्यावर इलाज शोधला होता. गाडी रुसली, पिवळा दिवा लागला, की बॉनेट उघडायचं, बॅटरीचं टर्मिनल काढायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि परत लावायचं. गाडी नव्यासारखी चालू. याला ते 'डोकं धुणं' म्हणायचे. मामाही तेच करायचा, सगळेच करायचे.

त्या दुपारी डोंगरी गावातून फोन आला. एका म्हातारीच्या छातीत दुखत होतं. मामाने तिला स्ट्रेचरवर घेतलं, तिचा मुलगा मागे तिच्यापाशी बसला. गाव सोडल्यावरच्या चढाला इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. दिवा लागला. मामाच्या सांगण्याप्रमाणे त्याने पेडल पार तळाला नेलं, पण इंजिन उभ्या गाडीत गुरगुरावं तसं गुरगुरत राहिलं. गाडी रांगत थांबली. मागून मुलगा ओरडला, "दाब ना! तुज्या पायात जीव न्हाय काय?"

मामा उतरला, टर्मिनल काढलं, लावलं. गाडी सुरू झाली आणि पुढे कुठे अडली नाही. म्हातारी मात्र हॉस्पिटलच्या दारात पोचण्याआधीच गेली होती.

मुलाचं ते वाक्य मामाने आमच्या घरी आणलं. कारण मामाला साखरेचा आजार होता आणि वर्षभरापासून त्याचे तळपाय बधिर व्हायचे. चप्पल कधी निसटली ते कळायचं नाही. म्हणून प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. त्या चढावर पाय खरंच दाबला होता, की दाबल्यासारखा वाटला होता?

मंडळाने गाडी काशिमीऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. मामाबरोबर मीही गेले. तिथला टेक्निशियन जाडजूड, सतत हसणारा माणूस होता. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाला, "काका, एकदम क्लीन. एकपण एरर कोड नाही."

"दिवा लागला होता," मामा म्हणाला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"टर्मिनल काढलं."

तो खो खो हसला. "घ्या! काका, किल्ली बंद केल्यावर पण हा डबा थोडा वेळ जागा असतो. काय बिघडलं ते लिहून ठेवतो आणि मग झोपतो. तुम्ही लिहिता लिहिता त्याचा गळा दाबता. मग आम्हाला काय दिसणार, घंटा?"

मामा हसला नाही. त्याने डब्याकडे पाहिलं. चपटा, राखाडी, जेवणाच्या डब्याएवढा. त्या दुपारचा एकमेव साक्षीदार, आणि त्याची साक्ष मामाने स्वतःच्या हाताने पुसली होती.

मंडळाचा निर्णय दोन दिवसांत आला. गाडी ठणठणीत आहे, ड्रायव्हर बदला. मामाला ऑफिसात फोनवर बसवलं.

मी पेटले. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कारखान्याच्या गेटवर वाटायचे ते, आणि गावोगाव बुवाबाजीविरुद्ध वाटायचे ते. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. 'जागे व्हा' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. यंत्र बिघडलं की आधी कामगाराची मान धरतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. भूत नसतं, हेही.

आणि स्टँडवर तोवर भूत तयार झालं होतं. त्या चढावर बाई उभी असते, ती गाडी धरते, असं ड्रायव्हर सांगू लागले. नव्या ड्रायव्हरने बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी भर दुपारी, एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'रस्त्यावर भूत नाही, दोष गाडीत आहे. गाडी तपासा, माणूस बदलू नका!' मजकूर मामाला वाचून दाखवला. मला वाटलं, त्याला बळ येईल.

त्याने कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "चांगलं लिवलंस गो. पण दोष गाडीत नसला तर?"

"म्हणजे?"

"भूत नाही. गाडी पण चांगली. मग उरलं कोण?"

त्याने पाय पोटाशी ओढून घेतला आणि तळव्यावर अंगठा फिरवू लागला. "भूत असलेलं बरं होतं," तो म्हणाला.

पत्रक छापलं नाही. ते कच्चं आजही माझ्याकडे आहे. त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे, पण मामाला उभं राहायला त्यात जागा नव्हती.

पावसाळा संपल्यावर मी मंडळाच्या ऑफिसात मामाचा जेवणाचा डबा द्यायला गेले होते. फोन वाजला. नवा ड्रायव्हर रुग्णाला राई गावात घरी सोडून रिकामा परत येत होता आणि मुर्ध्याजवळ गाडी बसली होती.

"काका, दिवा लागलाय. कितीबी दाबा, रेसच घेत नाय. आलोच, टर्मिनल काढतो—"

"हात लावू नको!" मामा असा ओरडला की बाहेर कॅरम खेळणारे थांबले. "टर्मिनलला हात लावू नको! मागे पेशंट आहे का?"

"नाय, रिकामी हाय."

"मग किल्ली बंद कर आणि गप बस. त्याला लिहू दे."

"कोणाला? काका, इथे कोण नाय!"

"डब्याला, गाढवा! लिहू दे त्याला!"

गाडी दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढत काशिमीऱ्याला आणली. या वेळी लॅपटॉपवर कोड होता. टेक्निशियनने समजावून सांगितलं. पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांनी एकच साक्ष दिली तरच डबा पायावर विश्वास ठेवतो. इथे एक म्हणत होता पाय तळाला आहे, दुसरा म्हणत होता पाय नाहीच. अशा वेळी डबा दोघांनाही खोटं धरतो आणि गाडी उधळू नये म्हणून इंजिन हळू ठेवतो. त्याने पेडलचा जोड उपसून दाखवला. पिना हिरव्या पडल्या होत्या. खाडीची खारी हवा.

"बघितलंस?" मी मामाला म्हणाले. माझा आवाज चढला होता. "बघितलंस? तुझा दोष नव्हता!"

मामाने टेक्निशियनला विचारलं, "त्या दिवशीचं आहे का यात?"

त्याचं हसू पहिल्यांदाच थांबलं. "नाही काका. हा आजचा. दुसऱ्या ड्रायव्हरचा पाय आहे हा. त्या दिवशी पण असंच झालं असेल. पण यात नाही."

नवं पेडल बसवल्यावर मामा म्हणाला, "मी बसतो. तू आकडा सांग. मी बघणार नाही." तो सीटवर बसला आणि डोळे मिटले. टेक्निशियनने पडदा स्वतःकडे वळवला. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते.

"पूर्ण दाबलाय," मामा म्हणाला.

"शंभर."

मामाने श्वास सोडला. परत दाबला. परत शंभर. तिसऱ्यांदाही शंभर. मला रडू येत होतं.

"आता सोडला," मामा म्हणाला.

टेक्निशियनने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सोडला म्हटलं. किती?"

"पस्तीस, काका."

मामाने डोळे उघडून खाली पाहिलं. पाय पेडलवरच होता. त्याने गुडघ्याला हात घालून तो उचलला, बाजूला ठेवला आणि मग विचारलं, "आता?"

"झिरो."

त्याने किल्ली काढली. मग गाडीतून उतरला आणि किल्ली नव्या ड्रायव्हरच्या हातात दिली. मंडळाने नंतर त्याला गाडीवर परत बोलावलं, चुकलं म्हणाले. पण त्याने नाही म्हटलं. "दाबता येतं मला," तो आईला म्हणाला. "सोडलेलं कळत नाही."

मग एका रविवारी त्याला डोंगरीला जायचं होतं, त्या मुलाला भेटायला. मी बरोबर निघाले. बसमध्ये तो खिडकीशी बसला. तिथे काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं, दोनदा मला म्हणूनही दाखवलं: पेडल खराब होतं, आता बदललंय, परत कोणाचं तसं होणार नाही. त्या दुपारी पाय दाबला होता की नाही, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

चढ आला. बस गिअर बदलून कण्हत वर चढू लागली. मामा बाहेर बघत होता. समोरच्या सीटखाली त्याचा उजवा पाय पुढे सरकला, चवडा पत्र्यावर टेकला आणि दाबू लागला. चढ संपला, बस उताराला लागली, तरी तो दाबतच होता.