धरणावरचा गवंडी

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलाखतीला नगरहून पुण्याला निघालो होतो. आमच्या घरात शाळा पाहिलेला मीच पहिला. गाडीत शेजारी एक म्हातारा गवंडी होता. तरुणपणी त्यानं भंडारदऱ्याच्या धरणावर काम केलेलं. बोलताना तो चुना चाचपावा तशी बोटं चोळायचा.

"थितं काय शिकिवत्यात?" मी कुठं निघालोय ते ऐकून त्यानं विचारलं.

"धरणं बांधायला. पण जागा थोड्या. मला घेतील असं वाटत नाही."

तो म्हणाला, "धोंडं आमी बसिवलं, पन येवढं पानी भिंत कशी अडिवती, ते आमी सायबाला कदी इचारलं न्हाई. तू इचार."

दौंडला तो उतरून गेला.

त्या वर्षी मला घेतलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा घेतलं. त्याला कळवावंसं फार वाटलं, पण त्याचं नावगाव मी विचारलंच नव्हतं.