ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही: मस्कत, सूर आणि बिदियाचं वाळवंट

ओमानमधल्या सूरला जायचं ठरलं तेव्हा गाडी माझा नवरा मकरंद चालवणार होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी थोडी दया येईल. माझ्या भावाची मुलगी जुई आणि तिचा मित्र कॅलेब हे दोघं अमेरिकेत कॉलेजात शिकतात आणि सध्या व्हिएन्नातल्या अमेरिकन दूतावासात इंटर्न आहेत. चार दिवसांची सुट्टी काढून ते आमच्याकडे मस्कतला आले आणि त्याच संध्याकाळी मकरंदला दूरच्या दुक्मच्या साइटवरून बोलावणं आलं. "ट्रिप कॅन्सल करू," मकरंद बॅग भरता भरता म्हणाला. "मी नेते," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं, देव जाणे.

ओमानमध्ये लायसन्स काढणं म्हणजे खायचं काम नाही. ड्रमांच्या मधून उलटी गाडी काढायची, चढावर थांबवायची, मग पोलिसाला शेजारी बसवून रस्त्यावर जायचं. मी चौथ्या खेपेला पास झाले आणि त्यानंतर गाडी नेली ती फक्त घराजवळच्या घुब्ऱ्यातल्या सुपरमार्केटपर्यंत, तीही शेजारी मकरंदला घेऊन. एरवी अगदी गरीब स्वभावाचा हा माणूस, पण गाडीत शेजारी बसला की त्याचा मास्तर होतो.

त्यात मस्कतच्या टोकाला असलेल्या रुसैलच्या एका कारखान्याने मला अकाउंट्समध्ये नोकरी देऊ केली होती. कंपनीची बस कामगारांच्या कॅम्पवरून सुटते, आमच्या बाजूला फिरकत नाही. म्हणजे रोज ट्रकांच्या गर्दीतून स्वतः गाडी हाकत जायचं. कितीतरी वर्षं घरात काढल्यावर आलेली ही संधी मला फार, फार हवी होती. आणि तरीही रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, 'जमणार नाही' असं कळवायचं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी निघालो. अमरातचा चढ संपेपर्यंत मकरंदचे तीन फोन झाले, सगळे स्पीकरवर. "उजवी लेन धर. आरशात बघतेस ना? ट्रकच्या मागे नको राहूस. अगं, पण घाईने ओव्हरटेकही करू नकोस." कुरियातच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. परत फिरावं असं मनात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

जुई आणि कॅलेब खाली उतरले, दोन मिनिटं गंभीरपणे खलबतं केली आणि करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाचे तीन कप घेऊन आले. "आत्या, एम्बसीच्या गाडीचा एक रूल आहे," जुई म्हणाली. "ड्रायव्हरशी कोणी बोलायचं नाही. ॲम्बॅसिडरने पण नाही. फक्त फ्रंट सीटवरचा एक माणूस बोलतो. तो आता मी. फोन दे इकडे."

जुई व्हिएन्नात धोरणं ठरवते असं माझ्या भावाने अख्ख्या खानदानाला सांगून ठेवलंय. प्रत्यक्षात ती फोन घेते. व्हिसा अडकलेली, चिडलेली माणसं दिवसभर तिला झापतात आणि ती कुणालाच हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. कॅलेब समारंभांत झेंडे सरळ आहेत का ते बघतो आणि पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या मांडतो. त्यामुळे चौथा फोन आला तेव्हा मकरंदची गाठ कुणाशी पडली होती, ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

"हॅलो काका. ड्रायव्हर आत्ता अव्हेलेबल नाहीये. काही मेसेज आहे का?"

"अगं जुई, स्पीड किती आहे तिचा?"

"त्याबद्दल आत्ता कमेंट करता येणार नाही. पण तुमचा कन्सर्न आम्ही नोट केलाय."

"नोट काय केलाय? आधी फोन तिला दे."

"तुमची रिक्वेस्ट मी पुढे पाठवते, काका. थँक यू फॉर कॉलिंग."

कॅलेबला मराठीचा म सुद्धा कळत नाही, पण तो सूर त्याच्या ओळखीचा असावा. मागच्या सीटवर तो उशीत तोंड खुपसून हसत होता. हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या मोकळ्या हायवेवर अचानक टिंग टिंग वाजायला लागलं. गाडीत काय बिघडलं म्हणून मी घाबरले, तर ती वेगाची घंटा होती, मी एकशेवीसच्या वर गेले होते. मी! लगेच वेग कमी केला, कारण या रस्त्यावर पावलोपावली वेग टिपणारे रडार आहेत, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बिम्माचं सिंकहोल, म्हणजे जमीन खचून झालेलं पाण्याचं कुंड, फुकटात बघता येतं. पायऱ्या उतरून हिरव्या पाण्यात पाय सोडले की मासे टाचा कुरतडतात. वादी शाब या दरीच्या तोंडाशी होडीवाला माणशी एक रियाल घेतो आणि पलीकडच्या काठावर सोडतो. पुढे दगडांतून बरंच चालावं लागतं, चपला घालून जाऊ नका, माझं ऐका. मुलं पोहत गुहेपर्यंत गेली. मी खडकावर बसून दशम्या खाल्ल्या आणि मला समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला, मी गाडी चालवत आलेय, असं सांगावंसं वाटत होतं.

रात्री सूरमध्ये राहिलो, साध्या हॉटेलात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवलो ते राजापूरच्या हमीदभाईंच्या खानावळीत. सुरमईचं कालवण, भात, वर सोलकढी, तिघांचं मिळून सहा रियालच्या आत.

"वहिनी, गाडी तुम्ही चालवत आणलीत? मस्कतपासून?" त्यांनी भात वाढता वाढता विचारलं. "मग बिदियाच्या रस्त्याला सांभाळून. उंट आडवे येतात. एक दिसला की समजायचं, मागे अजून आहेत."

मी जुईकडे बघितलं. "ही युजफुल इन्फर्मेशन आहे," ती म्हणाली. "ही अलाउड आहे."

अल कामिलच्या पुढे खरोखरच उंट आला. बाभळीमागून निघाला आणि सावकाश रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. मी ब्रेक दाबला, इंडिकेटर लावले, आरशात मागचा ट्रक मोठा मोठा होत होता. तोही थांबला. उंट गेला. मी जागची हलले नाही, कारण मागचे अजून यायचे होते. दोन पिल्लं आणि एक मोठी उंटीण निघून गेल्यावर मी गाडी कडेला घेतली.

"कॅलेब, तू चालवतोस?" मी इंग्रजीत विचारलं. नेब्रास्कातल्या शेतावर तो पोरवयापासून ट्रॅक्टर चालवत आलाय. त्याने नकारार्थी मान हलवली. "मला तसे अधिकार नाहीत, मॅडम," तो त्याच्या समारंभाच्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. जुईने या वेळी एम्बसीचा आवाज काढला नाही. "काका, रस्त्यात उंट आले. आत्याने गाडी थांबवली. सगळे ठीक आहोत."

"कशी थांबवली?" मकरंदने विचारलं.

"एकदम नीट."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी पाणी प्यायले आणि गाडी सुरू केली.

बिदियाला साधी गाडी पेट्रोल पंपापाशी लावायची, पुढे न्यायला वाळवंटातल्या मुक्कामाच्या कॅम्पची जीप येते. संध्याकाळी वाळूच्या टेकडीवरून आम्ही तिघं ओरडत, गडगडत खाली आलो. माझ्या केसांत, कानांत, दातांत वाळू गेली. या वयात इतकं पोरकट हसायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी इब्राच्या रस्त्याने परत आलो. मुलांना विमानतळावर मीच सोडलं. जुई मला बिलगून म्हणाली, "बाबांना सांगू नको हं, मी फोन घेते ते." मी म्हटलं, फोन घेण्यात काय कमीपणा आहे, पोरी. तीन दिवसांत मला एकच गोष्ट समजली होती. मला गाडी चालवता येत होती, फक्त सूचनांच्या गलक्यात ते मला कधी उमगलंच नव्हतं. रविवारी सकाळी मी रुसैलला होकार कळवला. मकरंदला विचारलं नाही.

सोमवारी तो दुक्महून परतला. मी त्याला आणायला बस स्टँडवर गेले, तर तो सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी आला, आत मी बसलेली. मग वळसा घालून शेजारी बसला. मी नोकरीचं सांगितलं. त्याने सीटबेल्ट लावला आणि तो म्हणाला, "घरी नको. रुसैललाच चल. ट्रक असतानाच रस्ता बघू. मी बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. पाय मात्र ब्रेक असल्यासारखा पायपुसण्यावर दाबत होता, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. कारखान्याच्या गेटपाशी मी गाडी लावली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "परत जाताना मी चालवू?"

"नको," मी म्हणाले.